अमेरिकेने जपानी कुटुंबांची माफी मागितली, पण पहिली धरपकड ज्या कायद्याने झाली तो अजून जिवंत आहे

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात मान्झनार नावाचं ठिकाण आहे. लांबवर डोंगर, आणि वारा सुटला की धूळच धूळ. १९४२ ते १९४५ या काळात इथे काटेरी तारेच्या आत एका वेळी दहा हजारांच्या आसपास माणसं राहत होती. म्हातारेकोतारे होते, तान्ही बाळं होती, शाळकरी पोरं होती. त्यांच्यावर कुठला गुन्हा सिद्ध झाला होता? एकही नाही. आरोपसुद्धा ठेवला नव्हता. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे.

जून २०२५ मध्ये या स्मारकात एक नवा फलक लागला. त्यावर क्यूआर कोड होता. इथली माहिती जुन्या किंवा आजच्या अमेरिकी लोकांबद्दल नकारात्मक वाटली तर स्कॅन करून कळवा, असा त्याचा अर्थ. हा आदेश देशभरातल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी आणि स्मारकांसाठी होता, एकट्या मान्झनारसाठी नव्हता. पण जिथे सरकारनेच स्वतःच्या नागरिकांना कोंडून ठेवलं, त्या जागेबद्दल सकारात्मक असं काय लिहिणार?

या फलकाच्या तीन महिने आधी अजून एक गोष्ट घडली होती. १५ मार्च २०२५ रोजी ट्रम्प सरकारने दोनशेहून अधिक व्हेनेझुएलाच्या पुरुषांना विमानात बसवून एल साल्वाडोरच्या कुप्रसिद्ध तुरुंगात पाठवलं. ते 'ट्रेन दे अरागुआ' या टोळीचे सदस्य आहेत, असं सरकारचं म्हणणं. त्यातल्या शंभराहून अधिक जणांना हाकलण्यासाठी जो कायदा वापरला तो १७९८ सालचा होता. नाव, एलियन एनिमीज ॲक्ट. म्हणजे शत्रुदेशाच्या नागरिकांना पकडण्याचा कायदा. तोवर तो फक्त तीन युद्धांत वापरला गेला होता. १८१२ चं युद्ध, पहिलं महायुद्ध आणि दुसरं महायुद्ध. आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचा पहिला दणका बसला तो जपानी कुटुंबांना.

पर्ल हार्बरच्या रात्री काय झालं?

७ डिसेंबर १९४१ ला जपानने हवाईमधल्या पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच रात्री एफबीआयची माणसं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दारं ठोठावत होती. याद्या आधीपासून तयार होत्या. जपानी भाषेच्या शाळेतले शिक्षक, बौद्ध भिक्खू, व्यापारी मंडळांचे पदाधिकारी, मासेमार. दोन दिवसांत हजाराहून जास्त जपानी पुरुष उचलले गेले. एलियन एनिमीज ॲक्टखाली हे करायला खटला लागत नव्हता. माणूस शत्रुदेशाचा नागरिक आहे, एवढं पुरे.

आता यात एक मेख आहे. ही माणसं वीस-तीस वर्षं अमेरिकेत राहत होती, कर भरत होती, शेती करत होती. मग त्यांनी नागरिकत्व का घेतलं नव्हतं? कारण घेता येतच नव्हतं. जपानहून आलेल्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये सांगितलं होतं. ही बंदी उठली १९५२ मध्ये. म्हणजे आधी कायद्याने परके ठेवायचं आणि मग परके आहेत म्हणून पकडायचं.

या पहिल्या पिढीला इस्सेई म्हणतात. त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं म्हणजे निसेई. ती जन्मानेच अमेरिकी नागरिक. त्यांना १७९८ चा कायदा लागू होत नव्हता. मग त्यांच्यासाठी वेगळी वाट काढली गेली.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक्झिक्युटिव्ह ऑर्डर ९०६६ वर सही केली. या आदेशात 'जपानी' हा शब्दच नाही. लष्करी अधिकारी कुठलाही भाग लष्करी क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतात आणि तिथून कुणालाही हटवू शकतात, एवढंच त्यात लिहिलंय. महिनाभरात अमेरिकी संसदेने कायदा करून हा हुकूम मोडणं गुन्हा ठरवलं. पुढे विजेच्या खांबांवर नोटिसा लागल्या. त्यात मात्र शब्द होते. 'जपानी वंशाच्या सर्व व्यक्ती.'

एकूण १ लाख २० हजारांहून अधिक लोक हलवले गेले. त्यातले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक होते.

हातात मावेल तेवढंच

सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावरच्या कुटुंबांवर सगळ्यात आधी पाळी आली. मार्च १९४२ मध्ये त्यांना आवराआवर करायला सहा दिवस मिळाले. बरोबर काय न्यायचं, तर दोन हातांत मावेल तेवढं. घर, दुकान, ट्रक, होडी, पिकाला आलेली स्ट्रॉबेरीची शेतं, सगळं मागे. फ्रिज आणि पियानो कवडीमोलाने विकले गेले, कारण घेणाऱ्याला माहीत होतं की समोरच्याला जायचंच आहे. काहींनी सामान शेजाऱ्यांकडे ठेवलं. काही शेजाऱ्यांनी ते नीट जपलंही. तीन वर्षांनी परतलेल्या बऱ्याच जणांना मात्र घरात भलतंच कुणीतरी राहताना दिसलं.

छावण्या अजून बांधून व्हायच्या होत्या. म्हणून आधी मुक्काम रेसकोर्सवर आणि जत्रेच्या मैदानांवर. लॉस एंजेलिसजवळच्या सँटा अनिता आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅनफोरन रेसकोर्सवर कित्येक कुटुंबांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं. शेणावरून वरवर चुना मारलेला. वास जात नव्हता.

'स्टार ट्रेक' मालिकेतले अभिनेते जॉर्ज टाकेई तेव्हा पाच वर्षांचे होते. बंदुका घेतलेले सैनिक दारात आले आणि त्यांचं कुटुंब लॉस एंजेलिसमधल्या घरातून बाहेर पडलं. आधी सँटा अनिताचा तबेला, मग थेट अर्कान्सॉतली रोवर छावणी. त्यांच्या आईने सामानात लपवून एक शिलाई मशीन नेलं होतं. मुलं वाढीची आहेत, कपडे तर लागणारच. टाकेई एक आठवण नेहमी सांगतात. छावणीतल्या शाळेत रोज सकाळी झेंड्यासमोर सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्यायाची शपथ म्हणायची, आणि खिडकीतून समोर काटेरी तार आणि पहाऱ्याचा मनोरा दिसायचा.

अशा मोठ्या छावण्या दहा होत्या. बऱ्याचशा वाळवंटात, दोन अर्कान्सॉच्या दलदलीत. मान्झनारमध्ये एका कुटुंबाला साधारण वीस बाय पंचवीस फुटांची एक खोली. संडास सामाईक, मध्ये आडोसा नाही. बायका रात्री उशिरा, गर्दी नसताना जायच्या. इथे एक अनाथाश्रमही होता, त्यात १०१ मुलं राहून गेली. त्यातल्या काहींचे फक्त आई किंवा वडीलच जपानी वंशाचे होते. हेरगिरीची भीती म्हणून अनाथाश्रमातून मुलं उचलून आणली होती, हे एकदा नीट वाचलं की सुरक्षेच्या कारणाबद्दल वेगळं काही बोलायची गरज राहत नाही.

खरंच भीती होती, की अजून काही?

पर्ल हार्बरनंतर लोक घाबरलेले होते हे खरं. पण घाबरून घाईघाईत चूक झाली, हे पूर्ण उत्तर नाही.

एक तर, सरकारकडे उलटी माहिती होती. हल्ल्याच्या आधीच रूझवेल्ट यांच्याकडे कर्टिस मन्सन यांचा अहवाल पोहोचला होता. बहुतांश जपानी अमेरिकी निष्ठावान आहेत, असं तो सांगत होता. एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांचाही सरसकट हटवण्याला विरोध होता. आपली यादी पकडून झाली आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि हूवर म्हणजे काही मवाळ माणूस नव्हे.

पश्चिम किनाऱ्याचे लष्करप्रमुख जनरल जॉन डेविट यांचा युक्तिवाद मात्र भन्नाट होता. त्यांनी लिहून दिलं की आजवर घातपाताची एकही घटना घडलेली नाही, हीच काळजीची बाब आहे आणि पुढे घातपात होणार याची हीच खूण आहे. असा तर्क लावला तर जगात कुणीच निर्दोष सुटणार नाही.

दुसरं म्हणजे हवाई. हल्ला झाला तिथेच. तिथे दीड लाखाहून जास्त जपानी वंशाचे लोक होते, लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक. धोका असलाच तर तिथे सगळ्यात जास्त. पण हवाईत पकडले गेले जेमतेम दोन हजारांच्या आसपास. कारण तिथली गोदी, उसाची शेती, बांधकामं याच लोकांच्या हातावर चालत होती. सगळ्यांना उचललं असतं तर बेटच बंद पडलं असतं.

कॅलिफोर्नियात गणित उलटं होतं. तिथे जपानी शेतकरी भाजीपाला पिकवण्यात तरबेज होते. १९१३ पासून त्यांना जमीन घ्यायची बंदी होती, तरी मुलांच्या नावावर किंवा भाडेपट्ट्याने त्यांनी बस्तान बसवलं होतं. सालिनास खोऱ्यातल्या गोऱ्या भाजी उत्पादकांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याने १९४२ मध्ये एका मासिकाला सरळ सांगून टाकलं होतं, की आम्ही स्वार्थासाठी जपान्यांना घालवू पाहतो असा आरोप होतो आणि तो खरा आहे.

तिसरी बाजू कागदपत्रांची. कुठल्या भागात किती जपानी राहतात, हे लष्कराला कसं कळलं? जनगणनेतून. सेन्सस ब्युरोने वस्तीनिहाय आकडे पुरवले. ही माहिती गुप्त राहील असं सांगून गोळा केली होती. पुढे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की १९४३ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या जपानी वंशाच्या लोकांची नावं आणि पत्तेही ब्युरोने दुसऱ्या सरकारी खात्याला दिले होते.

निष्ठा सिद्ध करा

१९४३ मध्ये छावणीतल्या प्रौढांना एक फॉर्म भरायला दिला. प्रश्न क्रमांक २७, सैन्यात लढायला तयार आहात का? क्रमांक २८, जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडून अमेरिकेशी एकनिष्ठ राहाल का? इस्सेईंनी दुसऱ्याला 'हो' म्हटलं तर ते कुठल्याच देशाचे उरत नव्हते. निसेईंची अडचण वेगळी. ज्याने कधी सम्राटावर निष्ठा ठेवलीच नाही, त्याने ती सोडायची कशी? नंतर प्रश्नाचे शब्द बदलले, पण तोवर घराघरांत भांडणं लागली होती. दोन्हींना 'नाही' म्हणणाऱ्यांना ट्यूल लेकच्या कडक छावणीत हलवलं.

दुसरीकडे निसेई तरुणांच्या ४४२ व्या रेजिमेंटने इटली आणि फ्रान्समध्ये एवढी पदकं मिळवली, की तिच्या आकाराच्या दुसऱ्या कुठल्याही अमेरिकी तुकडीला तेवढी मिळाली नाहीत. कितीतरी पोरं आघाडीवर होती आणि आईवडील काटेरी तारेच्या आत.

न्यायालयाने काय केलं?

ओकलंडचा फ्रेड कोरेमात्सू हा वेल्डर. त्याने जायला नकार दिला. ओळख लपवायला नाव बदललं, डोळ्यांवर छोटी शस्त्रक्रियाही करून घेतली. मे १९४२ मध्ये तो पकडला गेला. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १८ डिसेंबर १९४४ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी तो हरला. लष्करी गरज होती म्हणून हटवणं योग्य, असं न्यायालय म्हणालं. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी इशारा दिला, की हे तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, आणि तातडीची गरज सांगू शकणारा कुठलाही सत्ताधारी ती उचलू शकेल.

त्याच दिवशी मित्सुये एंडो या तरुणीच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितलं, की निष्ठावान नागरिकाला डांबून ठेवता येत नाही. खटला चालू असताना सरकारने तिला सोडायची तयारी दाखवली होती. पण सुटली असती तर खटलाच संपला असता, म्हणून ती छावणीत राहिली. कोरेमात्सूचं नाव सगळ्यांना माहीत आहे, छावण्यांची दारं उघडली ती मात्र हिच्या खटल्याने.

मग ४० वर्षांनी गौडबंगाल बाहेर आलं. आइको हर्झिग-योशिनागा शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना छावणीत गेल्या होत्या. साठीकडे झुकल्यावर त्या रोज राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन कागद चाळत बसायच्या. १९८२ मध्ये तिथे एका टेबलावर त्यांना जनरल डेविट यांच्या अहवालाची मूळ प्रत सापडली. बाकी प्रती जाळून टाकल्या होत्या. सरकारचं अधिकृत म्हणणं होतं, की निष्ठावान कोण हे तपासायला वेळ नव्हता. मूळ प्रतीत लिहिलं होतं, की वेळेचा प्रश्नच नाही, जपान्यांमध्ये हा फरक करणंच अशक्य आहे. म्हणजे कारण वेळेचं नव्हतं, वंशाचं होतं. त्याच सुमारास प्राध्यापक पीटर आयरन्स यांना न्याय खात्याच्या वकिलांच्या चिठ्ठ्या सापडल्या. आपण न्यायालयापासून पुरावे लपवतोय, हे त्या वकिलांनीच आपापसांत लिहिलं होतं.

१९८३ मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी कोरेमात्सूची शिक्षा रद्द केली. संसदेने नेमलेल्या आयोगाने कारणं दिली ती वांशिक पूर्वग्रह, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. १० ऑगस्ट १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी माफीच्या कायद्यावर सही केली. हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर. सुमारे ८२ हजार लोकांना ते मिळाले. इस्सेई पिढीतले बहुतेक तोवर वारले होते.

मग बंदूक रिकामी झाली का?

थोडीफार. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर ९०६६ राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी १९७६ मध्ये मागे घेतली. संसदेच्या कायद्याशिवाय नागरिकाला डांबता येणार नाही, असा कायदा १९७१ मध्ये झाला होता. २०११ मध्ये तेव्हाचे कार्यवाहक सॉलिसिटर जनरल, भारतीय वंशाचे नील कत्याल, यांनी आपल्याच कार्यालयाने १९४४ मध्ये न्यायालयाची दिशाभूल केल्याची जाहीर कबुली दिली.

२०१८ मध्ये हेच कत्याल ट्रम्प यांच्या प्रवासबंदीविरुद्ध उभे राहिले. मुख्यत्वे मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर ही बंदी होती. निकाल ५ विरुद्ध ४ ने ट्रम्प यांच्या बाजूने लागला. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी कोरेमात्सूचा निकाल पहिल्या दिवसापासूनच चुकीचा होता असं म्हटलं. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी तिथल्या तिथे सुनावलं, की जुना निकाल फेटाळताना तुम्ही तोच तर्क परत वापरताय. सुरक्षेचं नाव घेतलं की न्यायालयाने आत डोकवायचं नाही, हा तो तर्क.

या सगळ्या साफसफाईत १७९८ च्या कायद्याला कुणी हात लावला नाही. माफी नागरिक आणि कायमचे रहिवासी असलेले परके, अशा दोघांचेही हक्क तुडवले म्हणून होती. इस्सेईंनाही भरपाई मिळाली, पण त्यांना पकडणारा कायदा पुस्तकात राहिला. तो वापरायला जाहीर युद्ध तरी हवं, नाहीतर परकीय राष्ट्राचं आक्रमण. २०२५ मध्ये सरकारने एका गुन्हेगारी टोळीलाच आक्रमण ठरवलं. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हाकलण्याआधी नोटीस आणि दाद मागायची संधी द्यावी लागेल.  विमानाने गेलेले लोक जुलैमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत व्हेनेझुएलाला परतले. टोळी म्हणजे आक्रमण होऊ शकतं का, यावर सप्टेंबरमध्ये अपिली न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने 'नाही' म्हटलं, तर महिनाभरातच त्या न्यायालयाच्या पूर्ण पीठाने प्रकरण पुन्हा ऐकायचं ठरवलं.

टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस या लष्करी तळावर दुसऱ्या महायुद्धात जपानी स्थलांतरितांना ठेवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथेच पाच हजार जणांची सोय होईल अशी तंबूंची स्थानबद्धता छावणी सुरू झाली. जपानी अमेरिकी संघटनांनी लगेच विरोध केला. २०१९ मध्ये ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलवर स्थलांतरित मुलांना ठेवायचं ठरलं, तेव्हा लहानपणी छावणीत राहिलेली ऐंशीच्या घरातली माणसं गेटवर जाऊन उभी राहिली होती. तो बेत बारगळला. या वेळी तसं झालं नाही.

आणि भारतात?

हा प्रकार फक्त अमेरिकेचा नाही. कॅनडाने सुमारे २२ हजार जणांना हलवलं, त्यांची घरं-होड्या विकून टाकल्या आणि युद्ध संपल्यावरही १९४९ पर्यंत किनाऱ्यावर परतू दिलं नाही. ब्रिटिशांनी सिंगापूर-मलायातल्या जपानी कुटुंबांना १९४२ मध्ये दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूत ठेवलं आणि पुढे राजस्थानातल्या देवळीला नेलं. पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यात जर्मन आणि इटालियन कुटुंबं होती.

देवळीची छावणी त्याआधी राजकीय कैद्यांसाठी वापरली जायची. जयप्रकाश नारायण आणि कॉम्रेड डांगे तिथे होते. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं आणि ती छावणी पुन्हा भरली. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातले सुमारे तीन हजार चिनी वंशाचे लोक रेल्वेने तिथे आणले गेले. बरेचसे भारतातच जन्मलेले. चहामळ्यात काम करणारे, बूट शिवणारे, हॉटेल चालवणारे. युद्ध महिनाभरात संपलं, काही कुटुंबं मात्र वर्षानुवर्षं आत राहिली. सुटून घरी गेलेल्यांना घर-दुकान लिलावात गेल्याचं कळलं. अनेक जण कॅनडाला निघून गेले.

तिथे म्हातारे झालेल्या या लोकांनी भारत सरकारकडे माफीची मागणी केली आहे. पैसे नकोत, चूक झाली एवढं म्हणा, असं त्यातल्या काहींचं म्हणणं. आपल्याकडे आयोग नेमला गेला नाही, माफीही आली नाही. देवळीच्या जागेवर आज सीआयएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे.